जुनें छत आणि नवा रंग

घरांतील भिंतींवर आपण तसबिरी लावतों, दारावर तोरण बांधतों, उंबरठ्यावर रांगोळी घालतों आणि जमीन तर रोज झाडून-पुसून घेतों. छताच्या वांट्याला मात्र जळमटें काढणारी केरसुणी वर्षांतून एकदां येते, आणि तीहि दिवाळीच्या तोंडावर. मनुष्य छताकडे निवांत पाहतो तो तापानें अंथरुणास खिळल्यावर. एरव्हीं तें गळूं लागल्याखेरीज किंवा त्याचा पोपडा ताटांत पडल्याखेरीज त्याची कोणास आठवण होत नाहीं. अशा या दुर्लक्षित छताविषयीं, आणि तेंहि इतिहासाच्या अंगानें, आज मी चार शब्द बोलणार आहें.

विषय निघण्यास कारण असें. महाड-पोलादपूरकडील जुन्या घरांत एक गाऱ्हाणें नेहमीं कानावर येतें. "आजोबांच्या वेळीं साध्या चुन्याचा हात दिला कीं वर्षभर छत पांढरें राहत असे. आतां आम्ही भरपूर पैसे मोजून डब्यांतला उत्तम रंग लावतों, आणि दुसरा पावसाळा संपण्यापूर्वीं त्याचे पापुद्रे लोंबूं लागतात. असें कां व्हावें?" या प्रश्नाचें उत्तर रंगाच्या दुकानांत मिळत नाहीं. दुकानदार अधिक भारी डबा दाखवितो, रंगारी आपल्या आधींच्या रंगाऱ्यास दोष देतो, आणि घरधनी आपल्या नशिबास. खरें उत्तर इतिहासांत आहे. तें थोडक्यांत सांगावयाचें तर असें कीं, आपण रंग बदलला, छत बदललें, पण रंग देण्याची रीत आणि वेळ मात्र जुनीच ठेवली. ही गोष्ट कशी घडली तें आपण क्रमानें पाहूं.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेऊं. महाड हें सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेलें जुनें बंदर आणि जुनी बाजारपेठ. रायगडच्या राजधानीस जाण्याची एक वाट येथूनच. १७९६ सालीं नाना फडणवीस येथें मुक्काम करून होते आणि पुण्याच्या गादीचें राजकारण त्यांनीं येथून हलविलें. १८०२ सालीं हडपसरच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव महाडावरूनच समुद्राकडे निघून गेला. आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं येथील चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून माणसाच्या साध्या हक्काची घोषणा केली. पोलादपूर आणखी आंत, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशीं. तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ याच तालुक्यांत आहे, आणि शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधि पोलादपुरांतच आहे. या सगळ्या इतिहासावर दरसाल शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळत आलेला आहे. चार महिने पाणी, चार महिने दमट हवा आणि चार महिने कडक ऊन, अशा हवेंत येथील छतास दिवस काढावे लागतात. म्हणून छताची परीक्षा पाहावयाची तर ती याच मुलखांत पाहावी.

महाडजवळचें अति प्राचीन छत आजहि शाबूत आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून जातांना गांधारपाले गांवाच्या डोंगरांत लेण्यांची रांग दिसते. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील हीं बौद्ध लेणीं संख्येनें सुमारें तीस आहेत. त्यांपैकीं एका लेण्यांत कुमार कानभोज विष्णुपालित याच्या दानाचा शिलालेख आहे. या लेण्यांत उभें राहून मान वर करावी; कातळांतून सपाट कोरून काढलेलें छत डोक्यावर दिसतें. लेणें खोदणारे कारागीर वरून खालीं खोदीत येत. म्हणजे घर बांधतांना आपण पायापासून आरंभ करतों आणि छत शेवटीं घालतों. लेण्यांत छत आधीं तयार होई आणि जमीन सर्वांत शेवटीं. आजचा चांगला रंगारीहि हाच क्रम पाळतो. तो आधीं छत रंगवितो, मग भिंती, आणि शेवटीं खालचा पट्टा. कारण वरून गळलेला थेंब खालच्या कामावर पडतो, खालचा थेंब वर जात नाहीं.

छत रंगविण्याची आपल्याकडील सर्वांत मोठी शाळा मात्र अजिंठ्यास. तेथील कारागिरांनीं छताची तयारी कशी केली तें पाहण्याजोगें आहे. टांकीनें फोडलेला कातळ त्यांनीं मुद्दाम खडबडीत ठेवला, म्हणजे गिलावा धरून राहील. त्यावर माती, दगडाची बारीक खडी, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतु यांचा लेप दिला. तो सारखा करून त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला, आणि मग गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती व दूर देशाहून आलेला लाजवर्द यांच्या रंगांनीं कमळें, हंस, फळें व वेलबुट्ट्या काढल्या. कांहीं छतें तर वर ताणून बांधलेल्या कापडी चांदव्यासारखीं रंगविलेलीं आहेत. या कामाचें मर्म असें कीं, प्रत्येक थर हा खालच्या थरास मानवणारा होता. कातळांतून झिरपणारी ओल मातींतून, चुन्यांतून आणि रंगांतून बाहेर निघून जाई. दीड हजार वर्षें तो रंग टिकला याचें एक मोठें कारण हें.

पुढें काय झालें तेंहि ऐकण्याजोगें आहे. १८१९ सालीं एका इंग्रज शिकारी टोळींतील जॉन स्मिथ यानें हीं लेणीं पाहिलीं आणि त्यांचा बोलबाला झाला. १८४४ पासून रॉबर्ट गिल यानें चित्रांच्या नकला करण्यास आरंभ केला; त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या स्फटिकगृहाच्या आगींत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळांत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह पुन्हां नकला केल्या. चित्रें उजळ दिसावींत म्हणून या काळांत त्यांवर रोगण फासलें गेलें. १९२० नंतर निझामाच्या सरकारनें लोरेंझो सेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास व त्याच्या सहकाऱ्यास बोलावलें. त्यांनीं सुटलेला गिलावा जागच्या जागीं बसविला, हें त्यांचें उपकारच. परंतु त्यांनीं रंगावर लाखेचा लेपहि दिला. कालांतरानें तो लेप पिवळा पडला, काळवंडला, आक्रसला आणि खालच्या रंगासच ओढूं लागला. तो काळजीपूर्वक काढण्याचें काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस करावें लागलें, आणि लेप निघाला तेव्हां काळ्या पडद्याखालचीं चित्रें पुन्हां दिसूं लागलीं.

असाच प्रकार युरोपांतहि घडला. रोममधील सिस्टाईन प्रार्थनागृहाचें छत मायकेल एंजेलोनें १५०८ ते १५१२ या चार वर्षांत रंगविलें. पुढील पिढ्यांनीं मेणबत्त्यांच्या काजळीनें मळलेलें तें छत उजळावें म्हणून त्यावर सरस लावला. तो सरस स्वतःच काळा झाला. १९८० ते १९९४ या काळांत त्या प्रार्थनागृहाची जी स्वच्छता झाली, तींत हा सरस आणि ही काजळी काढण्यांतच मोठा काळ गेला. दोन्ही ठिकाणीं हेतु चांगला होता. दोन्ही ठिकाणीं वरचा थर खालच्या थराची चौकशी न करतां दिला गेला. आपल्या घराच्या छतावर मायकेल एंजेलो नाहीं हें खरें. पण न्याय तोच आहे.

आतां घराकडे वळूं. घरास छत असणें ही गोष्ट कोंकणांत पूर्वीं सर्वांच्या नशिबीं नव्हती. गरिबाच्या झोपडीवर गवताचें किंवा पेंढ्याचें शाकार असे. खालून पाहिल्यास वांसे, रिपा आणि चुलीचा धूर एवढेंच दिसे. बरी स्थिति असलेल्या घरांत नळीचीं कौलें असत. माजघरावर फळ्या टाकून माळा केलेला असे. धनवंताच्या घरीं साग, ऐन किंवा किंजळ यांच्या तुळयांवर कड्या व कड्यांवर फळ्या बसवून कडीपाट केला जाई. त्याहून हौशी असला तर तो खालून तक्तपोशी मारून वांसे झांकून टाकी, किंवा कापडी छत बांधी. १८६५ सालीं बाझेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि तेथील सपाट लाल कौलें पुढें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलीं. तेव्हांपासून मध्यम स्थितीच्या घरांवरहि बांधेसूद छप्पर दिसूं लागलें. ज्या लोणाऱ्यानें चुन्याची भट्टी लावली आणि ज्या मजुरानें तुळई खांद्यावर वाहिली, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र बहुधा पेंढाच राहिला, हेंहि इतिहासानें नोंदवून ठेवावें.

लांकडी छताचा मोठा शत्रु म्हणजे अग्नि. मे १८१८ मध्यें इंग्रजी फौजेनें रायगडावर तोफा डागल्या, तेव्हां गडावरील वाड्यास आग लागून तो भस्म झाला. आज आपण रायगडावर जातों तेव्हां जोतीं पाहतों, पायऱ्या पाहतों, दगडी भिंती पाहतों. पण राजवाड्याचें छत कल्पनेनेंच पाहावें लागतें. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं असाच जळाला. राजांचीं छतें गेलीं आणि साध्या गृहस्थांच्या माड्यांचे कडीपाट कांहीं ठिकाणीं अजून उभे आहेत. म्हणूनच आपल्या घरांत असा जुना कडीपाट असेल तर त्यास रंग देण्यापूर्वीं दोन वेळां विचार करावा.

आतां मुख्य वस्तु, म्हणजे चुना. शाळेंत आम्ही मुलांना एक प्रयोग दाखवीत असूं. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली कीं ती स्वच्छ निवळी दुधासारखी पांढरी होते. उच्छ्वासांतला कर्बवायु चुन्याशीं मिळून पुन्हां चुनखडी तयार होते, एवढाच त्याचा अर्थ. घरास चुना देणें हा याच प्रयोगाचा मोठा अवतार आहे. शिंपले किंवा चुनखडी भट्टींत सुमारें ९०० अंश उष्णतेवर भाजली कीं तिच्यांतील वायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत टाकला कीं खदखदून विरतो. हा विरलेला चुना गाळून पातळ करून छतावर दिला कीं तो हवेंतील वायु हळूहळू परत घेतो आणि छतावर दगडाचा एक पातळ पापुद्रा होऊन बसतो. ओला असतांना हा हात जवळजवळ दिसत नाहीं. वाळतांना तो पांढरा होतो. त्यांत थोडा सरस किंवा डिंक घातला म्हणजे तो हातास लागत नाहीं, आणि किंचित नीळ घातली म्हणजे पांढरेपणा खुलतो.

या चुन्याचे दोन गुण लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, त्यास ओलीचें भय नाहीं. उलट कोरड्या तापलेल्या भिंतीवर दिलेला चुना भुकटी होऊन झडतो. म्हणून जुने लोक आधीं भिंतीवर पाणी शिंपडीत. दुसरा गुण असा कीं, चुना ओल अडवून धरीत नाहीं. पावसाळ्यांत भिंतीनें व छतानें प्यालेलें पाणी त्याच्या सूक्ष्म रंध्रांतून बाहेर निघून जातें. शिवाय चुना तिखट असल्यामुळें त्यावर बुरशी सहसा वाढत नाहीं.

आतां दिवाळीच्या चुन्याचें रहस्य उलगडेल. आश्विनांत पाऊस सरतो, पण कोंकणांतील घर त्या वेळीं आंतून ओलेंच असतें. अशा ओल्या घरास त्या वेळीं देण्याजोगी एकच वस्तु, ती म्हणजे चुना. पावसाळ्यांतील बुरशी मरते, दर्प जातो, आणि उरलेली ओल मार्गशीर्षापर्यंत सावकाश निघून जाते. दिवाळीपूर्वीं घर पांढरें करण्याची रीति सणाच्या शोभेसाठीं खरीच; पण ती चुन्याच्या स्वभावास धरूनहि होती.

पुढें रंग बदलला. जवसाच्या तेलांत सफेता खलून केलेला तेलरंग इंग्रजी अमदानींत प्रथम सरकारी बंगल्यांत, मग श्रीमंतांच्या दारां-खिडक्यांवर आला. कलकत्त्याकडे शालिमार कंपनीनें १९०२ सालीं रंगाचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी रंगाची आयात थांबली, आणि १९४२ सालीं मुंबईंत चार मित्रांनीं एशियन पेंट्स कंपनी सुरूं केली. स्वातंत्र्यानंतर डिस्टेंपर मध्यम वर्गाच्या घरांत शिरलें, त्यामागून पाण्यांत मिसळणारे इमल्शन रंग आले. इकडे छतहि बदललें. लोखंडी गर्डरांवर शहाबादी लाद्या आल्या. १९१४ च्या सुमारास पोरबंदर येथें सिमेंटचें उत्पादन सुरूं झालें, आणि पुढील अर्धशतकांत सळई-सिमेंटचा स्लॅब गांवोगांव पोहोंचला.

हे नवे रंग वाईट आहेत असें माझें म्हणणें नाहीं. ते धुतां येतात, हातास लागत नाहींत, आणि कोरड्या पृष्ठभागावर वर्षानुवर्षें टिकतात. परंतु तेलरंग आणि चकचकीत इमल्शन हे छतावर एक पडदा धरतात. पडद्यामागें पाणी अडकलें कीं तें पडद्यास ढकलतें. फोड येतात, फोडांचे पापुद्रे होतात, आणि पाण्यांतील क्षार वर येऊन लोणा फुटतो. चुन्याची रीति होती दिवाळीपूर्वीं रंग देण्याची. आपण तींच तिथि, तेंच ओलें घर आणि तीच घाई ठेवली, आणि हातांतील वस्तु मात्र पार निराळी घेतली. गाऱ्हाण्याचें मूळ तें येथें आहे.

महाडमध्यें या गोष्टीस आणखी एक कठोर बाजू आहे. जुलै २००५ मध्यें आणि पुन्हां २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें हें शहर बुडालें. बाजारपेठेंतील तळमजले गढूळ पाण्याखालीं गेले. त्याच २०२१ च्या दिवशीं तालुक्यांतील तळिये येथें डोंगर खचून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. छताविषयीं बोलतांना ज्यांचें घरच डोंगरानें गिळलें त्यांचें स्मरण न करणें बरें नव्हे. पूर ओसरल्यावर माणसास आपलें घर पुन्हां घरासारखें दिसावें असें वाटतें, आणि त्या वर्षीं दिवाळी आली ती अवघ्या साडेतीन महिन्यांनीं. परंतु पाणी प्यालेली भिंत सुकण्यास जाडीच्या दर इंचामागें सुमारें एक महिना लागतो, असा बांधकामांतील जुना ठोकताळा आहे. दीड फुटी भिंत दोन्ही अंगांनीं सुकली तरी नऊ महिने झाले! अशा घरास पहिल्या दिवाळीला तेलरंग देणें म्हणजे ओल्या कपड्यांची ट्रंकेंत घडी घालणें होय. त्या वर्षापुरता चुन्याचा एक हात देऊन पुढील चैत्रापर्यंत थांबणें हेंच शहाणपण.

आतां प्रत्यक्ष छताकडे पाहूं. रंगाचा विचार करण्यापूर्वीं छतास तीन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न, "तुझ्या अंगावर काय आहे?" ओला तळहात छतावर घासावा. हातास पांढरें लागलें तर वर चुना किंवा साधें डिस्टेंपर आहे. पाण्याचा थेंब शोषला न जातां मोत्यासारखा राहिला तर तेलरंग आहे. दुसरा प्रश्न, "तूं आंतून घट्ट आहेस कीं पोकळ?" बोटाच्या पेरानें किंवा लांकडी मुठीनें छत सर्वत्र वाजवून पाहावें. भरीव जागीं टणक आवाज येतो, सुटलेल्या गिलाव्याचा आवाज मडक्यासारखा येतो. तो गिलावा काढलाच पाहिजे. त्यावर रंग देणें धोक्याचें आहे. तिसरा प्रश्न, "ओल कोठून येते?" फुटकें कौल, तुंबलेली पन्हळ किंवा वरच्या मोरीचा नळ यांतील अपराधी सांपडल्याखेरीज कुंचल्यास हात लावूं नये. ओलीचा डाग रंगानें झांकला तर तो एका पावसाळ्यापुरताच झांकला जातो.

मग खरवडण्याचें काम. परांची बळकट बांधावी, विजेचा मुख्य खटका बंद करावा, पंखा उतरवावा, आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा. कारण छताचें काम करतांना तोंड वर असतें, आणि चुन्याचा कण डोळ्यांत गेला तर तो डोळा भाजतो. तसें झाल्यास डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानें धुऊन वैद्याकडे जावें. चुन्याचे सुटे थर पाण्यानें भिजवून लोखंडी पट्टीनें काढावे. मऊ चुन्याच्या भुकटीवर इमल्शन बसत नाहीं. तें भुकटीस चिकटतें आणि भुकटी छतास सोडते. तेव्हां एकतर सर्व चुना काढून धुऊन अस्तराचा हात द्यावा, नाहींतर पुन्हां चुन्याचेच दोन-तीन पातळ हात द्यावे. मधला मार्ग नाहीं.

जुन्या तेलरंगाविषयीं विशेष सावधगिरी हवी. पूर्वींचा सफेता हा शिशापासून केलेला असे. आपला शेंदूरहि मुळांत शिशाचाच. गर्डरांना गंज लागूं नये म्हणून त्याचाच तांबडा हात देत. अशा रंगाची कोरडी धूळ श्वासांतून आणि हातांतून पोटांत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करूं शकते. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ सालीं झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आले. म्हणजे त्यापूर्वींच्या रंगांत शिसें नसेलच असें धरून चालणें बरें नाहीं. असा रंग कोरडा घासूं नये; पाण्यानें ओला करूनच हळूहळू काढावा, मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या दिवसांत दुसऱ्या घरीं ठेवावें, आणि पडलेला कचरा ओल्या फडक्यानें गोळा करावा. तेलरंग घट्ट बसलेला असेल तर तो मुळींच न काढतां त्यावर नवा हात देणें अधिक सुरक्षित.

कडीपाटाची तऱ्हा निराळी. वर्षानुवर्षांच्या चुलीची आणि घासलेटच्या दिव्यांची काजळी त्यावर बसलेली असते. ती कोमट पाणी व साबणानें, फडकें पिळून पुसावी, लांकूड भिजवूं नये. वाळवीच्या भयानें पूर्वीं फळ्यांना डांबर फासीत. त्यावर पांढरा रंग दिला तर डांबर पिवळट डागांच्या रूपानें वर येतें. अशा जागीं आणि राळ गळणाऱ्या गांठींवर लाखेचा हात द्यावा, म्हणजे डाग वर येत नाहीं. पाहा, अजिंठ्याच्या चित्रांस जिनें घात केला तीच लाख लांकडाच्या गांठीवर उपकारक ठरते! कारण चांगली वस्तु आणि वाईट वस्तु असा भेद रंगांत फारसा नाहीं. योग्य जागा आणि अयोग्य जागा एवढाच भेद आहे. सागाचा कडीपाट चांगल्या स्थितींत असेल तर त्यास रंग न देतां नुसतें जवसाचें तेल चोळावें. तेलाचीं फडकीं मात्र चुरगाळून कोंपऱ्यांत टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेऊं शकतात. लांकडी छताचा जुना वैरी आपल्या हातानें घरांत आणूं नये.

स्लॅबवर तांबूस रेषा दिसल्या तर समजावें कीं आंतील सळई गंजूं लागली आहे. गंजलेलें लोखंड मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतें आणि सिमेंटचे ढलपे पाडतें. येथें रंगाऱ्यास नव्हे, जाणत्या अभियंत्यास बोलवावें. डोक्यावर पडणारा ढलपा रंगाचा विचार करीत नाहीं.

श्रोते हो, छतावरचा प्रत्येक थर हा त्या घराच्या वहींतील एकेक पान आहे. खालीं आजोबांचा चुना असेल, त्यावर वडिलांचें डिस्टेंपर, त्यावर आपला तेलरंग. ही वही न वाचतां तिच्यावर नवें पान चिकटविलें तर तें टिकत नाहीं. गांधारपाल्याचें कातळी छत दोन हजार वर्षें उभें आहे तें तेथें कोणी घाई केली नाहीं म्हणून. आपल्या छताकडून तेवढ्या वर्षांची अपेक्षा नाहीं. नातवंडें त्याखालीं निर्धास्त झोंपावींत एवढें टिकलें तरी पुरे. यंदाची दिवाळी छताच्या पांढरेपणावांचून गेली तर लक्ष्मी रुसणार नाहीं. ओलें छत सुकूं द्यावें, आणि मगच डब्याचें झांकण उघडावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.